धाकटीची खूण

पोव्हुआच्या कोळ्यांत प्रत्येक घराला एक खूण असते,
चाकूने कोरलेली: वल्ह्यावर, जाळ्याच्या बुचावर,
चर्चच्या दारावर, दुकानदाराच्या उधारीच्या वहीत.
थोरल्याने तिला एक रेघ जोडायची, मधल्याने दोन,
धाकट्याला बापाची मिळते, आहे तशी.
मी धाकटी.
मुलगी असूनही मागून घेतली.

बापाचे आधी पाय गेले.
संत पेद्रोच्या रात्री शेकोटीच्या निखाऱ्यावर उभा राहून
तो सार्डिनच्या भावावरून कुणाशी भांडत होता,
वास आम्हाला आला, त्याला नाही.
आई म्हणाली, "झेफेरिनो, पाय."
त्याने खाली पाहिलं,
दुसऱ्याच्या होडीकडे पाहावं तसं.

इथे त्याला इवल्या पावलांचं दुखणं म्हणतात,
जणू बाळाला पडसं झालंय.

पोर्तोच्या दवाखान्यात डॉक्टर ओतिलियाने मला
पाकिटाच्या पाठीवर चित्र काढून दाखवलं:
यकृतात बनणारं एक प्रथिन, चार तुकड्यांचं,
चौघांनी खांदा द्यावा तसं ओझं वाहणारं.
तिसाव्या जागी एक मणी वेगळा,
तेवढ्याने पकड सैल होते, एक खांदा निसटतो,
सुटलेल्याची घडी मोडते, मग शेजारच्याची,
आणि दोऱ्याला दोरा चिकटत नसांमध्ये
साचत राहतो.
बाहेरून कुणी आलेलं नाही. घरचंच आहे.

अबीलियोला, थोरल्याला, नवं यकृत मिळालं.
जुनं दिसायला धडधाकट,
ते एका सत्तरीच्या माणसाला बसवलं:
आजार उगवायला वीस वर्षं लागतील,
आणि त्याच्याकडे तेवढी नव्हती.
तो नाताळला अबीलियोला पत्र पाठवतो.
काय लिहितो ते अबीलियो सांगत नाही.

मला दर तीन महिन्यांनी सुई.
पेशीत निघालेली चिठ्ठी
ती वाचली जाण्याआधीच फाडते.
मूळ वही तशीच राहते.
आता म्हणे वहीतही हात घालणार आहेत,
एकदाच, कायमचा. चाचणी चालू आहे.
संमतीच्या कागदावर सहीच्या जागी
माझ्या हाताने आपोआप खूण काढली,
रेघ न जोडलेली.
नर्सने दुसरा कागद दिला.
तो अजून टेबलावर आहे, मिठाच्या बरणीखाली.

सकाळी मी अनवाणी पाण्यात जाते.
अटलांटिक जूनमध्येही गार असतो.
डाव्या पायाला लगेच कळतं.
उजव्याची करंगळी
जरा विचार करते.