नंतर आठवण करा

पुंता अरेनासमध्ये जूनचा सूर्य
दहाच्या सुमाराला उगवतो आणि पाचच्या आत
आवराआवर करून निघून जातो.
माझं खरं काम त्यानंतर सुरू होतं.

पडद्याच्या कोपऱ्यात रोज तोच चौकोन :
नवी आवृत्ती तयार आहे. आता? की नंतर?
दोन वर्षं मी 'नंतर'वर बोट ठेवत आले,
दारी आलेल्या विमावाल्याला
आतूनच "घरात कुणी नाही" सांगावं तसं.

मला ठाऊक होतं हे दुकान कुणाच्या भरवशावर उभं आहे.
निगेटिव्ह वाचणारा स्कॅनर,
तो बनवणारी कंपनीच आता उरलेली नाही,
त्याची बोली कळणारा जगात एकच दुभाष्या,
तो या जुन्या प्रणालीच्या पोटमाळ्यावर
भाडं न देता राहतो.
आणि प्रिंटर. तीन हिवाळे घालवून त्याला शिकवलं
की लोकरीचा पांढरा वेगळा, बर्फाचा वेगळा,
बाप्तिस्म्याच्या झबल्याचा तर तिसराच.

निबाल्दो, बहिणीचा मुलगा, सुट्टीला आला.
भला पोरगा. लाकडं फोडली, गळका नळ बसवला,
वाऱ्याने उचकटलेला छपराचा पत्रा ठोकला.
मी सामुद्रधुनीपल्याड पोर्वेनीरला लग्नाचे फोटो काढायला गेले,
वारा सुटला, फेरी बंद, एका दिवसाचे तीन झाले.
तेवढ्यात त्याने 'आता' दाबलं.
"मावशी, किती मागे राहिली होतीस तू!"

पडदा नुकताच न्हाऊन आल्यासारखा.
चिन्हं गुबगुबीत, कडा गोल,
लागेल असं कुठे काही टोकदार नाहीच.
स्कॅनर जोडला. त्याचा हिरवा दिवा इमानाने लागला.
पडदा म्हणाला, इथे कुणी नाही.
प्रिंटरने पोर्वेनीरची नवरी छापली :
निळी, पाण्यातून काढल्यासारखी.
तिच्या आईला काय दाखवू?

बॅकअप? होता ना.
फोटो सगळे होते, त्रेसष्ट हजार, एकही कमी नाही.
गेले ते तारे.
अकरा वर्षं रात्री बसून एकेका फोटोला दिलेले,
याला दोन, याला चार, याला काहीच नको.
नव्याने जुनी वही आपल्या सोयीने उलगडली,
न कळलेलं गाळलं
आणि परतीचं दार लावून घेतलं.
फोटो जपून ठेवले होते मी.
निवडही जपून ठेवावी लागते हे कुणाला सुचतं?

दोन्या ओतिलियाचे चाळीस फोटो आहेत.
मुलाची बोट परतली नाही त्या आठवड्यात
ती ओळखपत्रासाठी आली होती, केस विंचरून.
एकोणचाळिसांत ती कॅमेऱ्याकडे बघते.
एकात माझ्यामागे, दाराकडे.
तो मी निवडला होता.
ओळखपत्राला चालला नाही, पण पाच तारे त्यालाच होते.

निबाल्दो दोन दिवस कान पाडून हिंडला.
मग मासळीच्या कारखान्यातल्या कारकुनाकडून
जुना संगणक घेऊन आला, सोळा किलो, पिवळा पडलेला.
त्याला जगाची तार जोडलेली नाही. जोडायचीही नाही.
स्कॅनर त्याच्याशी पहिल्याच मिनिटाला बोलू लागला,
गावाकडचं माणूस भेटल्यासारखा, थोडं जास्तच.
वर मी चिठ्ठी चिकटवली :
याला काही नवीन शिकवू नये.
खाली निबाल्दोने लिहिलं : विशेषतः मी.

तारे मात्र परत आले नाहीत.
बाहेर पत्रा वाजतो. मी चाळीस फोटो पुन्हा मांडते.
सतरावा असावा. की एकतिसावा?
अकरा वर्षांपूर्वीच्या माझ्या डोळ्यांना एकच दिसला होता.
आज बघते तर
चाळीसही फोटोंत ती दाराकडेच बघते आहे.

सतराव्याला एक तारा देते.
काढून घेते.