हीर

हे यंत्र आम्ही म्हापशाच्या एका बंद पडलेल्या
प्रसूतिगृहातून घेतलं, अर्ध्या किमतीत.
कडेला अजून चिकटलेलं आहे:
'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.'
मी ते खरवडलं नाही.
कुत्र्यांना वाचता येत नाही,
आणि माणसं हसतात तेवढीच
डिचोलीच्या या दवाखान्यात.

आज टेबलावर सुंगट.
रंगही तसाच, उकडल्या सुंगटाचा.
गळ्याखाली गाठ, मुसराद आंब्याएवढी,
गरम, ताठ.
एस्पेरांस त्याला चोडणहून बसने घेऊन आली,
कंडक्टरशी भांडून,
पायाशी खराट्यांचा भारा.

तिसरी खेप.
दोनदा गोळ्या, दोनदा गाठ ओसरली,
आणि पान संपलं की
मानशीचं दार फुटल्यागत
भरती पुन्हा आत.

केस भादरले, जेल लावलं.
सुंगटाने ते चाटून बघितलं, आवडलं नाही.
पडद्यावर आधी खाजनातलं रात्रीचं पाणी,
काळं, जाड,
त्यात पांढुरके कण.
प्रोब दाबला की कण गरगरतात.
पू.
शेजारी धमनी, आपल्याच नादात उडणारी,
तिला कशाची खबर नाही.
आणि तिच्यापासून चार मिलिमीटरवर
एक रेघ.

सरळ.
शरीर इतकी सरळ रेघ कधी काढत नाही.
उजळ, आणि खाली लांब काळी सावली.
प्रोब आडवा केला, रेघेचा ठिपका झाला.
उभा केला, पुन्हा रेघ.
मग विश्वास ठेवला.

याच पडद्याला बायका विचारत असतील,
हात-पाय आहेत ना सगळे?
एस्पेरांस विचारते, "कितें तें?"
मी म्हटलं, बाहेरचं आहे,
आत राहायला आलंय.

भूल. पात्याने बोटभर वाट.
पू वाटीभर निघाला,
वास असा की अनंतने खिडकी उघडली
आणि लगेच लावली,
बाहेर मासळीची गाडी उभी होती.
डाव्या हातात प्रोब, उजव्यात चिमटा,
डोळे पडद्यावर:
एक सावली दुसऱ्या सावलीकडे सरकतेय,
पकडली, निसटली,
धमनी अजून आपल्या नादात,
पकडली.

माडाच्या चुडताचा हीर.
दोन पेरं लांब, एक टोक तिरकं कापलेलं.

धुऊन तिच्या तळहातावर ठेवला.
चाळीस वर्षं ती हीर तासते,
शुक्रवारच्या बाजारात खराटे विकते.
टोकावरून तिने अंगठा फिरवला.
"ही म्हजे सुरयेची खूण."
मग सुंगटाच्या लोंबत्या जिभेकडे बघत राहिली.
त्याचे दात किती खोडकर,
हे मी सांगितलं. तिने ऐकलं की नाही, ठाऊक नाही.

जखम पूर्ण शिवली नाही.
नळी ठेवलीय, उरलंसुरलं वाहून जाऊ दे.
दहा दिवसांनी पुन्हा बघू,
पडद्यावर काही न दिसणं
बघायचंय मला.

पैसे दिले, वर एक खराटा
दारामागे टेकवून गेली.
अनंत त्यानेच भादरलेले केस झाडतोय.
मी म्हटलं,
आधी हीर मोजून ठेव.