तीन ठिपके, एक रेघ

आज आभाळात उजेड नाचतोय.
अर्धं स्ट्रॉमनेस स्वेटरात कोंबून बंदरावर उभं,
हिरव्या पडद्याचे फोटो काढतंय.
माझ्याच कपाळाला आठ्या.
आभाळ असं नटून बसलं की
लांबचा आवाज वाटेतच बुडतो,
आणि पुढचे तीन-चार दिवस
त्याचा चेहरा उतरलेला.

मला हवी ती रात्र फोटोत येत नाही.
जानेवारीतली, मुकी.
पृथ्वीचं चुंबक निपचित,
होकायंत्राची सुईसुद्धा डुलकी घेत असलेली.
विजा पार दक्षिणेला, कुणा दुसऱ्यांच्या डोक्यावर.
आणि अंधार दोन्ही टोकांना हवा:
इथे हवा, न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर हवा,
मधल्या सगळ्या पाण्यावर हवा.
दिवसा आभाळाचा खालचा थर म्हणजे जकातनाका,
येणाऱ्या प्रत्येक लाटेतून काही ना काही काढून घेतो.
सूर्य बुडाला की नाक्यावरची माणसं घरी जातात.

लाट केवढी?
दोन किलोमीटरहून लांब.
डोकं फेरीच्या धक्क्यावर ठेवलं
तर शेपूट गोल्फच्या मैदानापलीकडे.
आणि माझी तार चाळीस मीटर,
धुराड्यापासून खांबापर्यंत, मीठ धरलेली,
खाली रंगाच्या डब्यावर गुंडाळलेली कॉइल.
हत्ती चिमटीत धरायला निघाले आहे मी.

सगळं जुळलं तरी एक गुरगुर उरायची.
हातात छोटा रेडिओ घेऊन
दोन रात्री कुंपणाकुंपणानं फिरले,
तेव्हा सापडली:
शेजारच्या थोरा इस्बिस्टरच्या खुराड्यातला दिवा.
म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं,
चहाचा कप खाली ठेवला, म्हणाली,
‘दोननंतर बंद करते.
कोंबड्यांना कुठे वाचायचं असतं?’

मग सोळा तारखेची ती रात्र.
वारा नाही. स्ट्रॉमनेसला वारा नाही,
हीच केवढी बातमी.
दोन वाजता खुराडं विझलं
आणि पडदा काळा झाला,
धुतलेल्या पाटीसारखा.

पाच. सहा. पावणेआठ.
सात बावन्नला एक ठिपका.
ठिपका म्हणजे पूर्ण एक मिनिट,
लिहिणारा माणूस एवढं सावकाश लिहितो.
मग मिनिटभर काही नाही.
पुन्हा ठिपका.
कॉफीवर साय धरली, मी हलले नाही.
तीन ठिपके, एक रेघ. नऊ मिनिटं, एक अक्षर.
मग तीन रेघा. अकरा मिनिटं, दुसरं.
पलीकडे गारफिल्ड टल्क
मला त्याचं नाव सांगत होता,
त्याच्याकडे पहाटेचे पावणेपाच.

तिसऱ्या चिन्हाचा ठिपका आला.
रेघ सुरू झाली.
आणि स्कापा फ्लोच्या पलीकडे,
अजून सूर्य वर यायचाच होता,
पण वर, फार वर, नाक्यावर कुणीतरी दिवा लावला.
रेघ फिकी झाली,
ओल्या भिंतीवरच्या खडूसारखी,
मग भिंतच उरली.

पुढे काय येणार, मला ठाऊक होतं.
त्याचं पूर्ण चिन्ह पाठ आहे मला,
पत्रांवर असतं, पाकिटांवर असतं.
वहीत लिहायला हात शिवशिवला.
पण वहीत ठाऊक असलेलं लिहायचं नसतं,
ऐकलेलं लिहायचं असतं.
लिहिलं: दोन अक्षरं. तिसऱ्याचा ठिपका, अर्धी रेघ.
खाली रेघ मारली आणि फेरीच्या ऑफिसात
तिकिटं फाडायला गेले.

संध्याकाळी थोरा कुंपणावर, हातात चार अंडी.
‘मग? काय म्हणाला?’
म्हटलं, नाव सांगत होता. तेही अर्धंच.
‘रात्रभर जागून?’
रात्रभर.
तिनं अंडी माझ्या खिशात घातली, एकेक करून,
आणि जरा थांबून विचारलं,
‘बरा आहे ना पण?’

आठवून पाहिलं.
म्हटलं, रेघ सरळ होती.
हात कापत नव्हता.