धर्मकाटा

फीत आईची, शिवणकामाची.
सुरुवातीचे नऊ सेंटिमीटर झिजून पांढरे झालेत,
म्हणून मी दहापासून मोजते
आणि शेवटी दहा वजा करते.
मांडीच्या हाडाचा घेर, सर्वांत बारीक जागी:
बत्तीस.

हाड नाही खरं तर. प्लास्टरची नक्कल.
अस्सल नर्मदेच्या खोऱ्यात निघालं,
आता दुसऱ्या शहरातल्या कपाटात
क्रमांक लावून ठेवलंय.
नक्कल कोपरखैरण्याला, दुसऱ्या मजल्यावर,
जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीला टेकून.
दोन्ही टोकं तुटलेली. मधला दांडा तेवढा.
एवढ्यावरून सांगायचं,
तो केवढा होता.

लोकांना वाटतं, दात हवा होता.
पण दात फुशारकी मारतो,
लहान तोंडातही लांब असू शकतो.
ज्याने वजन उचललं
त्यालाच वजन विचारावं.
दोनच पाय होते त्याला. सगळा भार या दांड्यावर
आणि जो सापडला नाही त्या दुसऱ्यावर.

बाबा समोर बसून बघतात.
हसुराम मढवी, तुर्भ्याच्या काट्यावर एकोणतीस वर्षं.
जमीन सिडकोत गेली, तेव्हा ही नोकरी धरली.
ट्रक काट्यावर चढायच्या आधीच
पाटे किती दबलेत ते बघून म्हणायचे,
कांदा, नऊ टन, दोन पोती इकडेतिकडे.
काटा मग तेवढंच दाखवायचा.
ड्रायव्हर चहाची पैज लावायचे नि हरायचे.
"इकडेतिकडे" म्हणायला मात्र ते कधी विसरले नाहीत.

त्यांनी नक्कल उचलली, खाली ठेवली.
हलकंय गो.
मी म्हटलं, अस्सल उचललंत तर उलटं वाटेल,
ते आता दगड झालंय.
हाडाचं वजन घेऊन उपयोग नाही, बाबा.
फक्त घेर.
घेर दुप्पट असेल तर वजन दुप्पट नसतं,
साडेसहा पट असतं.
हे त्यांना समजवावं लागलं नाही.
पाट्यांचंही तसंच काहीतरी असतं म्हणाले, 
सरळ हिशोबात बसत नाही.

मग मी आकडेमोड केली.
आज जिवंत असलेल्या दोन पायांच्या प्राण्यांवरून,
म्हणजे पाखरांवरून, बांधलेलं सूत्र.
शहामृगाच्या मापाने राक्षस मोजायचा.
शिवाय दगडाखाली दांडा थोडा चेपलाय,
तो मूळचा गोल होता असं धरायचं.
उत्तर आलं अकराशे किलो.
पाव कमी, पाव जास्त.
म्हणजे आठशेही असेल, चौदाशेही.
चौकटीत एकच आकडा मावतो.

बाबांनी चष्मा पुसला.
गारी खाली का भरलेली?

मी हसले. मग पेन खाली ठेवलं.

कारण तो रोज जेवणारा नव्हता.
एखाद्या दिवशी दीडशे किलो मांस आत,
मग पंधरवडाभर काही नाही,
नुसतं नदीकाठी उभं राहणं, वास घेत.
ज्या पायावरून मी त्याला तोलते
त्याने दोन्ही वजनं वाहिली,
आणि हाडात राहिलं ते
त्यांच्यामधलं कुठलंतरी.

खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो,
खाणींनी अर्धा खाल्लेला.
तिथे असलं हाड मिळणार नाही.
तो सगळा लाव्हा,
नंतर आलेला, थरावर थर.
कुणी खाल्लं होतं, कोण उपाशी,
त्याने विचारलं नाही.

लिहून काढलं:
वजन अकराशे, पाव इकडेतिकडे. पोट धरलेलं नाही.

बाबांनी वही ओढून घेतली,
पावती तपासतात तशी बोटाने वाचली.
वेल कुठंय? वेल टाक.
वेल नसली तं पावती कोन मानंल?

टाकली.
सहा कोटी सत्तर लाख वर्षं, इकडेतिकडे.
सकाळ की संध्याकाळ,
तो रकाना मोकळा आहे.