उजेडाला धरून

नाशिकरोडला, बिटको चौकाच्या अलीकडे, पारख बुक डेपोत
हे पुस्तक उचलतात आणि आधी ट्यूबलाइटपुढे धरतात.
छत्तीस वर्षं प्रेसमध्ये कागद तपासला,
रिटायर होऊन नऊ झाली, तरी हात तसाच वर जातो.
परवा भाच्याची लग्नपत्रिकासुद्धा धरली होती.
वॉटरमार्क नव्हता.
लग्न झालं तरीही.

रंगवायची पुस्तकं बघायला आलोय.
मोठ्या माणसांची. असतात म्हणे.
माझा उजवा हात आखाजीपासून रुसलाय.
फिजिओवाली मुलगी म्हणाली, काकू, रंग भरा, बोटांना काम द्या.
मी म्हटलं, बोटांना मी काय कमी काम दिलं?
ती हसली, आणि गोळ्यांच्याच कागदावर
खाली लिहून दिलं : रंगवही, एक.

पहिलं पुस्तक नुसत्या मंडलांचं.
चक्रात चक्र, पाकळीत पाकळी,
कणीएवढ्या खिडक्या आणि प्रत्येकीला चौकट.
"कागद एकशेवीसचा आहे," हे म्हणाले,
"पण चष्म्याचा नंबरही तेवढाच लागेल."
ठेवलं.

दुसऱ्यात जंगल. वाघाच्या अंगावर वेलबुट्टी,
मोराच्या अंगावर वेलबुट्टी,
हत्तीपर्यंत आल्यावर काढणाऱ्याला आलेला कंटाळा
मला स्पष्ट दिसला. रंगवताना तोच मला लागला असता.

तिसऱ्याचं कव्हर देखणं. आत कागद असा
की मागून बोट लावलं तर पुढून नख मोजता यावं.
"स्केचपेन टेकवलं की पलीकडे उतरेल."
शेठ म्हणाले, "दादा, साठ रुपयांत उतरणारच."

रेवाला मात्र दोघींत मिळून एक हवं होतं.
तसंही निघालं, वरच्या फळीवरून, धूळ झटकून :
डाव्या पानावर लहानांसाठी एक मोठा मासा, चार रेघांचा,
उजव्या पानावर मोठ्यांसाठी तोच मासा,
खवले सातशे. (शेठनी मोजले नव्हते, पाठीमागे छापलं होतं.)
मधे स्पायरल, म्हणजे कोपरावर कोपर नको.
रेवाने पान उलटलं, पुन्हा मागे आणलं,
माझ्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाली,
"आजी, तू डावं घे. मला खवले येतात."

शेठनी उगाच पंख्याचं बटण फिरवलं.
हे पुस्तक घेऊन दारापर्यंत गेले,
खऱ्या उजेडाला धरून उभे राहिले,
कागद बघायला लागतो त्याहून जरा जास्तच.
"जाडी कमी आहे," शेठच म्हणाले.
"चालेल."
हा शब्द मी यांच्याकडून कागदाबद्दल
कधी ऐकला नव्हता.

प्रेसमध्ये रंग केसभर सरकला तरी ताव बाद.
लाल पेन्सिलीची एक रेघ, विषय संपला.
माझा हिरवा शेपटीतून निघाला तो पाण्यात,
पाण्यातून समासात,
समासातून स्पायरलच्या तारेला लागून
रेवाच्या माशाचा डोळा गाठायला निघाला.
ती जीभ बाहेर काढून खवले भरत होती.
एकेचाळिसाव्याला जांभई, त्रेचाळिसाव्याला तहान,
पाणी पिऊन आली ती म्हणाली, "बदलू या?"
आणि वही गर्रकन फिरवली.

आता सातशे वजा त्रेचाळीस माझ्याकडे.
रोज एक धरला तर दोन वर्षं भरत नाहीत.
पहिल्यालाच अर्धा तास गेला.
बाहेर गेलाच, पण शेजारच्या खवल्यातच गेला,
म्हणजे घरातल्या घरात.

हे उठले. वही खिडकीपाशी नेली, उजेडाला धरली.
काय दिसलं ते मी विचारलं नाही.
परत आले, खिशातून लाल पेन्सिल काढली,
वर धरली, खाली केली,
आणि माझ्या हातात दिली.
"पुढचा लाल चालेल का, रेवाला विचार."

टोक केलेलंच होतं.