आधी पातळ, मग दाट

पुन्ता अरेनासच्या धक्क्यावर
एदुविना बोटीची तिकिटं फाडते.
वारा रोज गालांवरून
किसणी फिरवून जातो.

फार्मसीतली पोरगी म्हणाली,
आधी पातळ, मग दाट.
ओलसर चेहऱ्यावर सीरम, दोनच थेंब,
चोळायचं नाही, थोपटायचं.
तेल सगळ्यांत शेवटी,
निजताना कडी घालावी तसं.

व्हिटॅमिन सी तिनं परत ठेवलं.
एवढं महाग, आणि उघडल्यावर तांबूस पडतं म्हणे.

तेल मात्र बहिणीकडचं,
रानगुलाबाच्या बियांचं, नारिंगी.
नेरिदा कोयाइकेहून पाठवते
खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत.
उशीच्या अभ्र्यावर डाग पडतात.

पहिल्या रात्री उलटंच झालं,
आधी तेल.
वरून सीरम नुसतं घरंगळत राहिलं,
शेवटच्या वर्षी नवऱ्याशी बोलायची
ते शब्द घरंगळायचे, तसं.

आता ती थांबते.
दोन थरांमध्ये किटली उकळेपर्यंतचा वेळ,
कुणी तिकीट मागत नाही.
तळवे गालांवर, नुसते.

छपराचा पत्रा वाजतो.
उरलेलं तेल ती मानेला लावते,
मग कोपरांना,
मग उठून
दाराच्या कुरकुरत्या बिजागरीला.