डावी बाजू

दुकान उघडलं की आधी मी काच पुसतो.
रात्रभर लाल माती दाराच्या फटीतून येते
आणि काचेवर बसते;
गिऱ्हाइकाला वाटतं, हत्यारंच जुनी आहेत.

व्हर्लीन हॅस्केट आली ती मंगळवारी,
नर्सचा निळा डगला, रबरी बूट,
डोळ्यांत अजून रात्रपाळी.
म्हणाली, "लहान दाखवा. रोज जवळ राहील,
कुणाला दिसणार नाही असं."
सगळे असंच म्हणतात.

मी हिरव्या बनातीवर पाच मांडली.
मॅगझिन काढून, चेंबर रिकामा दाखवून.
तिनं सगळ्यात छोटं उचललं.
करंगळीला टेकायला जागाच मिळेना,
लोंबत राहिली हवेत.
"छोटं तितकं जास्त लाथ मारतं," मी म्हणालो,
"आणि स्प्रिंगही ताठ."
तिनं स्लाइड ओढली. हलली नाही.
पुन्हा ओढली.
बोटांच्या सांध्यांत तीस वर्षांची म्हातारी माणसं,
उचललेली, कुशीवर वळवलेली,
चादर बदलून परत ठेवलेली.
चणे होते, दात नव्हते.

मोठं तिला जमत होतं, लोण्यासारखं सरकलं.
पण ते कमरेला लावून ती आरशापुढे वाकली
तर डगल्यावर एक कोपरा उमटला,
चोरलेली गोळी पोराच्या गालात दिसावी तसा.

मग तिनं जे विचारलं
ते सत्तावीस वर्षांत या काउंटरवर कुणी विचारलं नव्हतं.
"मिस्टर ग्रिग्जना पलंगावरून उठवते तेव्हा
त्यांची छाती माझ्या छातीला,
दोन्ही हात माझ्या कमरेला.
त्यांच्या हाताला काय लागेल?"

माझ्याकडे कॅलिबरचं उत्तर होतं.
गोळ्या किती मावतात त्याचं,
होल्स्टर पट्ट्याच्या आत घालायचं की बाहेर त्याचं.
मी एक काळं फडकं घेतलं
आणि पुसलेली काच परत पुसली.

मधलं घेतलं तिनं. नऊ मिलिमीटर.
चांगलं नाही, वाईट नाही, विकलं जाणारं.
फॉर्म भरला. मी फोन लावला.
तपासणीचं उत्तर यायला अकरा मिनिटं लागली,
आणि त्या अकरा मिनिटांत तिनं सांगितलं:
फेब्रुवारीत, वॉकोमिसच्या रस्त्यावर, पहाटे तीनला
एक पिकअप तिच्या मागे लागला,
दिवे विझवून, चौदा मैल.
कोठारांपाशी वळला आणि गेला.
"काहीच झालं नाही," ती म्हणाली.
"काय झालं ते म्हणूनच सांगता येत नाही कुणाला."

ऑगस्टात परत आली. होल्स्टरचा चिमटा सैल झाला होता.
सोबत नातू, सहाएक वर्षांचा,
जीभ बर्फाच्या गोळ्यानं जांभळी.
तो दारातल्या भुसा भरलेल्या हरणाशी रमला होता;
हरणाचा काचेचा डोळा त्यानं बोटानं दाबून पाहिला,
दचकला, आणि आजीकडे धावत सुटला.
दोन पावलांवर थांबला.
वळसा घालून डावीकडे गेला
आणि तिथून बिलगला.
तिनं मान वळवलीसुद्धा नाही.
हात मात्र आधीच खाली आलेला होता,
डावा.

स्क्रू चाळीस सेंटचा. पैसे घेतले नाहीत.
का नाही, ते तिनं विचारलं नाही.

संध्याकाळी घरी गेलो.
ड्वेना ओट्यापाशी कणसं सोलत होती.
मी तिच्या शेजारी उभा राहिलो, हात धुवायला,
आणि ती सरकली,
उजवीकडून डावीकडे,
हातातलं कणीस न थांबवता.
लग्नाला एकतीस वर्षं झाली.
"काय बघतोयस?" ती म्हणाली.
मी म्हणालो, मीठ कुठं आहे.
मीठ समोरच होतं.